पंचवीस तासांचा रविवार

३ मार्च, सोमवार

सी मक्कींनी आल्या आल्या बोलावलं. संचालक माझ्यासारखीला स्वतः बोलावतात तेव्हा चांगली बातमी नसते. पहिलंच वाक्य — "रविवारी पहाटे यंत्रावर काय चालवलंत, लल्ला नुहैला?" चिडले तरी 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, हा मान सुटत नाही; पुरुषांना तसंच 'सी' लावतात.

कुठल्या रविवारी, असं मी विचारलं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. यंत्राचा प्रोग्रॅम पुरवणाऱ्या पॅरिसच्या कंपनीचा फेब्रुवारीचा वापर-अहवाल. महिनाभर आलेख सपाट, आणि तेवीस तारखेला पहाटे दोन ते तीन एकच उंच रेघ. कराराच्या मर्यादेच्या बरीच वर.

मी काही चालवलं नव्हतं. तसं सांगितलं. ते म्हणाले, "बूशाईबही असंच म्हणाले होते."

इथेच लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात घोळत राहणार नाही. आमच्या निवृत्तिवेतन कचेरीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, कुठलं काम कधी सुटायचं हे कंपनीचा प्रोग्रॅम ठरवतो. गोदीतला मुकादम समजा. तो चालायला दरवर्षी कंपनीकडून नवी किल्ली, म्हणजे एक आकड्यांची ओळ, यावी लागते. यंदाची किल्ली २६ मार्चला संपते. २७ला गोदी कामगारांचं आणि त्यांच्या विधवांचं निवृत्तिवेतन सुटायचंय — ईदच्या आधी. कंपनी करार ठरवते महिन्यातल्या सर्वांत जड तासावरून. म्हणून आता म्हणते, मोठ्या करारावर सही करा, मग किल्ली.

सी बूशाईब माझ्या आधी या खुर्चीत होते. मला काम त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक रेघ आली आणि कंपनीनं आमच्याकडून दंड घेतला. चोरून काहीतरी चालवलं असा ठपका ठेवून त्यांना मोहम्मदियाच्या शाखेत पाठवलं. तिथे ते हयातीच्या दाखल्यांवर शिक्के मारतात. जूनमध्ये निवृत्त होतील, ठपक्यासकट.

४ मार्च

वेळापत्रक पुन्हा पाहिलं. त्या पहाटे नेहमीच्या नकला काढायचं काम आणि जुन्या फायली पुसणारं एक. बास. एवढ्यानं ती रेघ जेमतेम निम्म्यावर जाईल.

६ मार्च, गुरुवार

माझ्या प्रवेश-कार्डाच्या, येण्याजाण्याच्या नोंदी मागवल्यात म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. तौफीककडून कळलं — तो यंत्रखोलीत पाळीवर असतो आणि त्याला सगळं आधी कळतं.

उपासाच्या दिवसांत तो जास्तच बोलतो. मेनफ्रेमला आम्ही सगळे हज्जा म्हणतो. म्हातारी आहे, मानाची आहे, आणि तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही. तौफीक म्हणाला, "हज्जानं पहाटे एकटीनंच सहरी उरकली असेल. तुमच्यासाठी काही ठेवलं नाही."

मी म्हटलं, त्या दिवशी रमजान लागलासुद्धा नव्हता.

"बघा, सवय करत होती!"

हसू आलं, पण मी दाखवलं नाही. मग त्यानंच आवाज खाली केला. ती खुर्चीच वाईट आहे, बदलून घ्या, म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण माझ्याकडे बघत नव्हता.

७ मार्च

कुणीही माझ्याशी वाईट वागत नाही. फक्त मी आले की बोलणं थांबतं.

९ मार्च, रविवार

सापडलं.

इफ्तारला बसलो होतो. मावशी आली होती. अजानची वाट बघत मावशी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहात राहिली आणि म्हणाली, झोहरा, अखेर तुझं घड्याळ बरोबर झालं की! आईनं हरीरा सुपाच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि म्हणाली, "माझं कधी चुकलं होतं? तुमच्या सरकारलाच वर्षातून एक महिना माझी वेळ पटते."

आई घड्याळ कधीच हलवत नाही. तिच्यासाठी वेळ एकच, जुनी. नवी वेळ ऑफिसवाल्यांची. बाहेर कुणाशी काही ठरवताना ती आधी विचारते — जुनी का नवी? सगळ्या गल्लीत हेच चालतं. मीही तेच ऐकत वाढले. आणि रमजानच्या आधीच्या रविवारी पहाटे तीन वाजता सरकार सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे घेतं.

तीन वाजताचे पुन्हा दोन होतात.

हातातला खजूर तसाच राहिला. आई म्हणाली, अजान झाली, खा गं. मी म्हटलं, दोन ते तीन हा तास दोनदा आला! ती म्हणाली, आधी खा, मग येऊ दे कितीही वेळा.

१० मार्च, सोमवार

खात्री केली. हज्जाच्या आत दोन घड्याळं आहेत. एक भिंतीवरच्यासारखं, सरकार सांगेल तसं पुढेमागे होणारं. दुसरं यंत्राचं स्वतःचं, कधीही न बदलणारं. कंपनीचं मोजणारं साधन पहिलं घड्याळ वाचतं. त्याला 'दोन ते तीन' असा शिक्का असलेल्या नोंदी दोन तासांच्या मिळाल्या, आणि त्यानं सगळ्या एकाच तासात ओतल्या. दोन साध्या तासांची मिळून एक उंच रेघ झाली.

न बदलणाऱ्या घड्याळावर तीच मोजणी केली. सपाट.

हे आठवडाभर समोर होतं. त्या रविवारी या देशात पंचवीस तास होते. अहवालात चोवीस रकाने.

मग दोन वर्षांपूर्वीचा अहवाल काढला. तारीख पाहिली. तोही रमजानच्या आधीचा रविवार. तोही दोन ते तीन. मोजणारं साधन त्याच वर्षी बसवलेलं, आणि गेल्या वर्षी त्या पहाटे हज्जा दुरुस्तीसाठी बंद होती.

सी बूशाईबनी काही चालवलं नव्हतं.

१२ मार्च

सगळं दोन पानांत लिहून कंपनीला पाठवलं. तासाभरात उत्तर. आमचं साधन प्रमाणित आहे, तुमचा दावा नोंदवून घेतला आहे, किल्लीसंबंधी भूमिका कायम आहे. दोन पानं एवढ्या लवकर वाचून होत नाहीत.

सी मक्कींना प्रत दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, मग आणखी कुणाला दाखवलीत का, असं विचारलं. नाही, म्हटलं. "बरं केलंत," म्हणाले. कुणासाठी बरं, ते कळलं नाही. ते कुणाच्या बाजूचे आहेत याचा मला अजून अंदाज नाही. बूशाईबांच्या बदलीवर सही त्यांचीच होती.

१७ मार्च

नऊ दिवस उरले. कंपनीचा माणूस पॅरिसहून बुधवारी येणार. खालच्या खिडकीवर आजपासूनच विचारणा सुरू झाली — ईदच्या आधी मिळणार ना? एका बाईंना नातवाचे कपडे शिवायला टाकायचेत. शिंपी आधी पैसे मागतो, म्हणाल्या. खिडकीतल्या मुलीनं हो म्हणून सांगितलं. तिला कुणी काही कळवलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

मस्यू वेर्दिए. पन्नाशीचे, नीटनेटके, आवाज मऊ. उपासाचा मान म्हणून पाणीही घेतलं नाही. सी मक्कींना ते आवडलं. मला नाही आवडलं, का ते सांगता येणार नाही.

मी फळ्यावर मांडून दाखवलं. फक्त आकड्यांत — जागतिक वेळेशी फरक एक तास, मग शून्य. त्यांनी भुवया उंचावल्या. हिवाळ्यात, अधल्यामधल्या रविवारी, देशाची घड्याळं मागे? उन्हाळ्याची वेळ ते जाणतात, पण हे? पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. ते हसले — "मादमोआझेल, मी पंधरा वर्षं या कामात आहे. असा तास असतो हे आज पहिल्यांदा ऐकतोय."

मी म्हटलं, तुमच्या कंपनीची किल्ली इथे अकरा वर्षं चालतेय.

त्यावर ते म्हणाले, माणसाला सगळं कुठे ठाऊक असतं. वाक्य खरं होतं. मी फळा पुसला.

जाताना त्यांनी माझं कौतुक केलं, माझ्याकडे न बघता, सी मक्कींपाशी.

२१ मार्च, शुक्रवार

कंपनी मागे हटली! मोठा करार नको. किल्ली द्यायला तयार.

एका कागदावर सही हवी. यंदाची रेघ हा गैरसमज होता, घड्याळाच्या या बदलाची कुठल्याच पक्षाला कल्पना नव्हती, सबब मागील कोणत्याही वर्षाचा अहवाल पुन्हा उघडला जाणार नाही. खाली दोन जागा. संचालक आणि तांत्रिक प्रमुख. म्हणजे मी.

सी मक्की म्हणाले, घेतलं तर आज मिटतं. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली.

मागचा अहवाल उघडला नाही तर सी बूशाईबवरचा ठपका तसाच राहतो. त्यांच्या फायलीत तोच अहवाल पुरावा म्हणून लावलाय.

२२ मार्च, शनिवार

मोहम्मदियाला गेले. सी बूशाईबच्या घरी इफ्तार. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच गेले. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या बायकोनं माझ्या ताटलीत मधात घोळलेल्या शबाकिया वाढल्या, वाढतच राहिल्या.

मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावर बोटानं गोल काढत होते. घड्याळाचा गोल असावा. मग म्हणाले, मी महिनाभर शोधत होतो, पोरी. स्वतःवरच संशय यायला लागला होता. वाटायचं, केलंही असेल मी काहीतरी आणि विसरलो असेन.

बायको स्वयंपाकघरात गेली.

कागदाचं विचारलं तेव्हा मात्र थांबले नाहीत. "सही कर. शिक्का मारायला मला हज्जा लागत नाही. विधवांची ईद माझ्यापायी अडवू नकोस."

मी म्हटलं, कागदावर लिहिलंय कुणालाच कल्पना नव्हती.

"नव्हतीच की. मला तरी कुठे होती?"

निघताना दारापर्यंत आले. एवढंच म्हणाले, मी काही चालवलं नव्हतं हे तू मक्कींना तोंडी सांग. मोठ्यानं सांग. मला तेवढं पुरे.

२४ मार्च

सांगितलं. मोठ्यानं, दार उघडं ठेवून. तौफीकनं नक्की ऐकलं असणार.

सी मक्कींनी उठून खिडकी लावली. मग म्हणाले, "मला ते बाराव्या तारखेपासून माहीत आहे. माझी सही होती, विसरलो नाही मी. पण चाळीस हजार घरं आहेत, लल्ला नुहैला. वेर्दिएंना खरंच माहीत नसेल तर त्यांच्याशी कशावरून भांडू?"

 न जाणणं हा गुन्हा नाही. कागदाची सगळी मदार त्या एका ओळीवर आहे.

२५ मार्च

बुधवारपर्यंत वेळ मागून घेतला आणि दुसरा मार्ग शोधला. कंपनीच्या मुकादमाशिवाय कामं हातानं सोडता येतात. चाचणीच्या भागात करून पाहिलं. पाचव्या कामाला क्रम चुकला आणि एकाच खात्यात दोनदा रक्कम पडली. खऱ्या यंत्रावर हे करणार नाही.

उद्या सही करीन. सी बूशाईबना कळवलं. "बरं," म्हणाले आणि आईची तब्येत विचारली.

२६ मार्च, बुधवार

बारा वाजता संचालकांच्या खोलीत. कागद टेबलावर, फोन मोठ्या आवाजावर, पलीकडे पॅरिसहून वेर्दिए. सही झाली की किल्ली लगेच पाठवतो, म्हणाले. सी मक्कींनी पेनाचं टोपण काढलं. मी माझं शोधत होते. वेर्दिए एकदम मोकळे झाले होते, मनावरचं ओझं उतरल्यासारखे. ईदनंतर स्वतः येतो, मिठाई घेऊन येतो, म्हणाले. सोमवारी, सात एप्रिलला, दहा वाजता. आणि मग आमच्या बोलीत, भाजीवाला विचारील तितक्या सहज —

"जुने दहा की नवे दहा?"

मी पेन शोधायचं थांबवलं. जुने-नवे हे इथली वेळ आधीपासून ठाऊक असलेलाच विचारतो; मी त्यांच्यापुढे हे शब्द एकदाही वापरले नव्हते. सहा एप्रिलला घड्याळं परत पुढे जाणार, हेही त्यांना सांगितलं नव्हतं.

सी मक्कींनी पेनाला टोपण लावलं. "नवे दहा, मस्यू. आणि येताना दोन वर्षांपूर्वीचा अहवाल घेऊन या."

वेर्दिएंनी फोन ठेवला.

किल्ली तासाभरात आली. सही कुणी मागितली नाही.