पोचूचा मासा

८ डिसेंबर १९५५, आलापल्लीजवळ
शाळेवर रुजू झालो! तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं आणि सरकारनं सागाच्या जंगलात बाराखडी शिकवायला धाडलं. तक्रार नाही. हवा झकास, भूक सपाटून लागते. मंगली नावाच्या गोंड बाईच्या घरी ओसरीलगतची खोली मिळाली. तिचा नवरा पोचू महिन्यापूर्वी तोडीच्या सागाखाली सापडून गेला.

१० डिसेंबर
जंगलाचे नाकेदार गुणवंतराव यांच्याशी आत्म्यावरून जुंपली. मी म्हटलं, डोक्यावर घाव बसला की आठवण जाते. मग डोकंच जळाल्यावर आठवणारा कोण उरतो? ते म्हणाले, ‘माझं डोकं’ म्हणणारा डोक्याहून वेगळाच असणार. मी हसलो. ‘माझा आत्मा’ असंही म्हणतोच की आपण! ते चिडले, आत्मा नाही याचा पुरावा दाखव म्हणाले.

१२ डिसेंबर
आज मंगलीच्या माणसांनी नाल्यावर पोचूला हाका मारल्या, एक मासोळी धरली आणि मडक्यात घालून घरी आणली. म्हणे त्याचा जीव परतला. आता त्याला वाडवडलांत बसवणार. पुरावा आयताच चालून आला! ती रानात जाताच मी मासोळी बदलली. त्याच नाल्यातली, तेवढीच दुसरी. पहिली तव्यावर परतून मिठाशी खाल्ली.

१३ डिसेंबर
तिला काही कळलं नाही. मडक्याशी बसून मासोळीला भात घालत होती, कुऱ्हाड कुठं ठेवलीस म्हणून विचारत होती. मी जिंकलो. गुणवंतरावांना सांगायला गेलो, पण दारातूनच माघारी फिरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ डिसेंबर
मंगली रडत म्हणाली, “गुरुजी, थो बोलूनच नाई राह्यला. घरी आला नाई का जी?”
कुऱ्हाड छपराच्या वळचणीत खोचलेली आहे. हे मला कसं माहीत? आठवण डोक्यात असते, असं मीच तर —

१६ डिसेंबर
कधी तंबाखू ओढली नाही. आज बोटांनी आपोआप पानाची चोंगी वळली. वर्गात गोंडी बोललो. मला गोंडी येत नाही. मुलं हसली नाहीत, वडीलधारं माणूस आल्यासारखी उठून उभी राहिली —

१७ डिसेंबर
मंगलीचे पाय धरून सगळं सांगायचं ठरवलं. समोर गेलो आणि तोंडातून निघालं, “मंगली, भूक लागली.” ती दचकली. मग हसली. ताट वाढलं. जेवला तो मी नव्हतो — तिचा आनंद बघवेना, इतकी लाज —
तिला वाचता येत नाही. तरी लिहितो. हात अजून ऐकतो तोवर —
मंगलीबाई, मी गुरुजी हाओ. मले माफ करा. थो मासा मी —