मायचा पदर आणि मोठं विमान

धाड, गुरुवार, संध्याकाळ

विमान कंपनीला उद्या कळवायचं आहे. पंख्यांचं छोटं विमान की मोठं जेट? ज्याचं ट्रेनिंग घेईन, पुढची कितीतरी वर्षं तेच उडवायचं. सोबतचे सगळे जेट म्हणतात. माझं मन मात्र छोट्यावर. ते खालून जातं. कधी इकडून गेलंच, तर गच्चीवर मिरच्या वाळवणारी माय दिसेल. हे कारण सांगू कोणाला?

आज मिरच्या निवडताना वरून विमान गेलं आणि मायनं पदर हलवला. मी शिकायला गेल्यापासून ती प्रत्येक विमानाला पदर हलवते. पण आज मी शेजारीच बसले होते!

"माय, मी तं इथंच आहो ना!"

"हाव, पण हाताले सवय झाली."

मग तिला सगळं सांगून टाकलं, छोट्याचं कारणसुद्धा. ती हसत सुटली.

"मोठंच घे वं. छोटं इमान लगेच लिंबाच्या झाडामांगं जाते. मोठ्याची पांढरी रेघ माह्या भाकरी होईपर्यंत दिसत राह्यते."

"पण तेवढ्या वरून मले तुहा पदर नाई दिसणार."

"नाई दिसला तं नाई. मी हलवतोच."

जेट कळवते.