नळाच्या घंटीचा नमस्कार

अकोला, बुधवार

श्री. श्यामरावजी जावईबापू यांना भगवंतरावांचा सप्रेम नमस्कार. (जावयाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, यावर इथे चहा थंड होईपर्यंत वाद झाला. नमस्कार या शब्दाचा मला सध्या कंटाळा आला आहे, का ते पुढे कळेल. तरी तोच लिहिला.) तुमची पाठ आता कशी आहे? भावनाचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं असं आहे की रविवारी आपल्या प्रणालीचं साक्षगंध, नवऱ्या मुलाकडची वलगावची चाळीसेक माणसं घरी यायची आहेत, आणि घरात पाणी नाही. फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि जावयावर आवाज चढवला की तुमच्या सासूबाई मला वाढताना भांडी आपटतात. म्हणून पत्र. अमरावतीच्या गाडीवरचा वाहक मोतीराम ते आणून देईल. नोकरीत असताना मी त्याची गाडी पुष्कळदा तपासली आहे, त्यामुळे तो मला अजून घाबरतो.

तर दिवाळीला तुम्ही आमच्या नळाला जी घंटी बसवून दिली, तिच्याविषयी. कल्पना उत्तम, त्यात वाद नाही. आमच्याकडे नळाची पाळी पाच-सहा दिवसांनी, आणि त्या दिवशीही तो केव्हा येईल ते त्यालाच माहीत. पाणी आलं की तोटीतल्या तारा ओल्या होतात, तुमचा तो खोक्यातला बोर्ड दहा मिनिटं मोजून खात्री करून घेतो (आधी नुसती हवा आणि चार थेंब येतात, हे तुम्हाला आम्हीच सांगितलं होतं) आणि मग घंटी वाजवतो. त्याआधी सासूबाईंची रीत अशी, की तोटी उघडी ठेवून खालच्या खड्ड्यात स्टीलची बादली उपडी घालायची. पाणी पडलं की घरभर आवाज. ती बादली मी स्वतः माळ्यावर टाकली. जावई पॉलिटेक्निकात शिकवतात आणि आपण बादल्या वाजवतो हे बरं दिसत नाही, असंही मी त्या वेळी बोलून गेलो. हे वाक्य मला रोज परत ऐकवलं जातं.

जाताना तुम्ही सहज म्हणालात, शंका आली तर वायरीने लॅपटॉप जोडा, काय चाललं आहे ते बोर्डच लिहून सांगेल. आता ज्याची उभी हयात एसटीत तिकिटं तपासण्यात गेली, त्याला शंका येणार नाही असं तुम्हाला का वाटलं असेल? मी दुसऱ्याच दिवशी मोबाइलची वायर लावून बसलो. बोर्डावर दिवा लागला, पण अख्खी दुपार एक अक्षर नाही. शेवटी प्रणाली आली आणि म्हणाली, ‘बाबा, ह्या वायरीतून नुसता करंट जाते, बोलणं नाही जात. दुसरी आणा लागते.’ मी बाजारात गेलो आणि बोलणं जाणारी वायर मागितली, तर दुकानदाराने कानात घालायच्या दाखवल्या. (घेऊन आलो. घरात ऐकायला उपयोगी पडतील असं वाटलं होतं.) योग्य वायर मिळाली तेव्हा लॅपटॉप विचारू लागला, तीन दारांपैकी कोणत्या दाराने बोलायचं. ते दार सापडलं, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. प्रणाली म्हणे, ‘तो ज्या वेगानं बोलून राह्यला, त्याच वेगानं ऐका लागते.’ तिने कुठला तरी आकडा बदलला. मी थकून तिथेच आडवा झालो होतो.

उठून पाहिलं तर स्वच्छ ओळ: ‘नमस्कार मामाजी. तपासणी सुरू.’ श्यामरावजी, अगदी तुम्ही मला सासरा म्हणून मामाजी म्हणता तसंच! खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. नोकरीत असताना मी गाडीत चढलो की माणसं सावरून बसायची. आता या घरात मी आलो काय, गेलो काय, कुणी मान वर करत नाही. लॅपटॉपवरची ती खिडकी बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा नमस्कार मामाजी. मग रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ मी उघडू लागलो, आणि एकदाही त्याने नमस्कार चुकवला नाही.

काल आमच्या नळाची पाळी होती. नळ अंगणात, मी आत पंख्याखाली, लॅपटॉप जोडून. पडद्यावर ‘ओलं’ असं आलं. बरं वाटलं, खिडकी बंद केली. घंटी वाजेना, म्हणून पुन्हा उघडली. नमस्कार मामाजी. जरा थांबलो, पुन्हा उघडली. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, ‘आला काजी नळ?’ आणि मी म्हणायचो, तपासणी सुरू आहे. शेवटी शेजारच्या पार्वताबाई पदराला हात पुसत आल्या. ‘भाऊ, तुमचं भरून झालं का? आमचं तं झालं.’ बाहेर जाऊन पाहतो तो खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी, आणि नळातून हवा. प्रणालीने खोकं पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाली, ‘बाबा, तुमी जवा जवा खिडकी उघडता, तवा ते पयल्यापासून सुरू होते. मोजलेलं सारं पुसून जाते.’ म्हणजे तो नमस्कार मानाचा नव्हताच, नव्याने जागं झाल्याचा होता. दोष यंत्राचा नाही, तुमचा तर मुळीच नाही. पण जावईबापू, त्यात नमस्कार घालायची काय गरज होती?

आता पुढची पाळी सोमवारी. टँकर गल्लीत शिरत नाही, कारण पाण्याची नवी लाइन टाकायला गल्ली खणून ठेवली आहे. मी दमलो आहे. भावनाला आशीर्वाद.

आपला,
भगवंतराव

ता. क. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये, ही आमच्या घराण्याची रीत. मी तुमच्याकडे येताना बाटली भरून आणतो, ते तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं करता, हे मला माहीत आहे. रीत मोडायला नको वाटतं, पण साक्षगंध तुमच्याकडे करू द्याल का? तुमच्याकडे नळ रोज येतो, आणि वलगावही तुमच्यापासून जवळ.

ता. क. २. वलगावकरांना तुमचा पत्ता कालच कळवला आहे. त्यांना सोयीचं वाटलं.

ता. क. ३. मोतीराम दारात उभा आहे, आणि पाळी नसताना घंटी वाजून राहिली आहे. खरी की खोटी, ते पाहायला वायर लावली. घंटी बंद पडली. नमस्कार मामाजी. घर शांत झालं तेव्हा अंगणातून आवाज आला: सासूबाईंनी सकाळीच बादली माळ्यावरून काढून खड्ड्यात उपडी घातली होती. पाणी जोरात आहे. पण दिलेला पत्ता आता परत कसा मागू? रविवारी अकरापर्यंत पोचतो. चाळीस माणसांचं पाणी इकडूनच ड्रम भरून आणतो, तुम्ही काळजी करू नये.