कोऱ्या पानाखालची सही

सौंसर, ६ मे २०२५

ती. उषाताईस,
धाकट्या रवींद्रचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतेस, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र देव्हाऱ्याजवळच्या डबीत ठेवायचं नसतं, कानात घालायचं असतं, हेही लेखी कळवतो.

तुझे चिरंजीव इथे प्रसिद्ध झाले आहेत. पांढुर्ण्याहून सकाळच्या बसने येतात, ज्या नव्या वाचनालयाचा नकाशा ते काढत आहेत त्याच्या जागेवर उभे राहतात आणि दर तासाला कडुनिंबाच्या सावलीभोवती चुन्याची रेघ ओढतात. जागेत पुरलेलं धन आहे, असं लोकांना वाटून राहिलं. एका म्हातारीने तर रेघेवर हळदकुंकू वाहिलं.

मयूरचं म्हणणं एवढंच, की मे महिन्यात दुपारी दोनला वीज गेली तरी पोरांना तिथे बसून वाचता आलं पाहिजे. जाड मातीच्या भिंती, उत्तरेचा उजेड, छताखाली पऱ्हाटी दाबून केलेल्या पाट्या. कापूस वेचून झाला की जी पऱ्हाटी आपण शेताच्या धुऱ्यावर जाळतो, ती आता पुस्तकांना गारवा देणार. ऐकून मला भरून आलं. मास्तर माणूस असल्याने ते न दाखवता मी त्याला उधईबद्दल, म्हणजे वाळवीबद्दल, तीन शंका विचारल्या. त्याच्याकडे तिन्हींची उत्तरं होती.

आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष उत्तमराव सत्कारात मिळालं तरच पुस्तकाला हात लावतात. पण 'पर्यावरणपूरक' हा शब्द त्यांना फार आवडला आहे. परवा म्हणाले, हार आणू नका, रोपं आणा. चौदा रोपं आली, चौदाही प्लास्टिकच्या पन्नीत.

काल सचिव गजेंद्र कार्यवाहीचं रजिस्टर घेऊन आला होता. आमच्यात बैठक भरत नाही, रजिस्टर घरोघर फिरतं. पान कोरं, तळाशी सात सह्या. वरचा ठराव गजेंद्र सवडीने लिहितो. अकरा वर्षं असंच चाललं आहे. इतकी आटोपशीर लोकशाही मी दुसरीकडे पाहिली नाही. मी विचारलं, मयूरच्या नकाशाचाच ना रे? तो म्हणाला, आणखी कोणाचा, गुरुजी? चहा प्याला आणि गेला.

तेव्हा पोराची काळजी सोड. मी बसलो आहे ना इथे. लोभ आहेच, तो सरकारी निधीसारखा मार्चअखेर परत पाठवू नकोस.

तुझा,
रवींद्र

*

पांढुर्णा, १४ मे २०२५

चि. रवींद्र यास उषाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला, एकदा त्यात कामाचं काही आहे का पाहायला.

मयूरचे बाबा गेल्यापासून सहा वर्षं मी एकच ताट वाढून राहिली. एकटीसाठी वरण टाकायचासुद्धा कंटाळा येते रे. आता दोन ताटं लागतात. मागच्या खोलीत त्याने कागद पसरून ठेवले, झाडू मारू देत नाही. मी रागावते, पण खोटंच. शेजारची प्रमिला म्हणाली, काकू, तुमचा चेहरा भरला. भरणारच.

एक विचारते, चिडू नको. पोरगा पुण्याची नोकरी सोडून आला तो तुझ्या शब्दावर. ये, मी समितीत आहे, असं तू म्हटलं होतं. सारं पक्कं आहे ना? तू प्रत्येक गोष्टीची गंमत करतो, त्याच्यात पक्कं काय नि कच्चं काय, मला समजत नाही.

यंत्र कानात शिट्टी मारते. तूच घालून पाहा.

जपून राहा, उन्हात टोपी घाल.
तुझी ताई

*

पांढुर्णा, १२ जुलै २०२५

चि. रवींद्र यास आशीर्वाद.

मयूर काल ठरावाची नक्कल घेऊन आला. समोरून काच, आतून एसी, आणि दर्शनी बाजू झाकली जाते म्हणून कडुनिंब काढायचा. मयूर यांचा आराखडा अव्यवहार्य असल्याने सर्वानुमते नामंजूर, असं लिहिलं आहे. तारीख पाच मेची आहे. तू मला सहा मेला पत्र लिहिलं होतं.

खाली सात सह्या आहेत. चौथी तुझी. तुझा 'र' मला ओळखू येते, मीच तुझा हात धरून पाटीवर गिरवून घेतला होता.

तो जेवला, आपलं ताट घासलं, माझंही घासलं. मग मागच्या खोलीत जाऊन कागद गुंडाळत बसला.

सही तुझी आहे की नाही, एवढंच कळव.

उषा

*

सौंसर, १६ जुलै २०२५

ती. उषाताईस सा. न.

सही माझी आहे. ठराव माझा नाही. या दोन वाक्यांत फरक आहे असं मी अकरा वर्षं समजत होतो.

पत्र मिळालं तसा उत्तमरावांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, गुरुजी, सही खोटी आहे का? म्हटलं, नाही. मग म्हणाले, तुम्ही शिकलेले माणूस, न वाचता सही करून राहिले होते काय? गजेंद्र बाजूलाच बसला होता, खाली मान घालून नखं पाहत. काच बसवणारा उत्तमरावांचा साळा आहे, हे मला रस्त्यात कळलं. गावाला आधीपासून माहीत होतं. गावावर विनोद करण्यात मी इतका गुंतलो होतो, की गावाची बातमी मलाच शेवटी कळली.

एक मार्ग आहे. मी कोऱ्या पानावर सही केली, असं लेखी द्यायचं. मग हा ठराव अडेल. पण मी सरकारी मास्तर. अकरा वर्षांच्या कोऱ्या सह्या निघतील, चौकशी लागेल. भाग्यश्रीची सोयरीक मोहगावला ठरत आली आहे; मुलीच्या बापाची चौकशी चालू आहे म्हटल्यावर ते लोक काय करतील, तू जाणतेस. तिचं ठरू दे. महिनाभर थांब. मयूरलाही थांबायला सांग.

माझ्यावर लोभ ठेव असं आज कोणत्या तोंडाने लिहू?

रवींद्र

*

सौंसर, २२ ऑगस्ट २०२५

ती. उषाताईस सा. न.

तुझं उत्तर नाही. मयूर माझा फोन उचलतो, बरं आहे मामा म्हणतो, आणि ठेवतो. कुठून बोलतो ते सांगत नाही, मी विचारत नाही.

भाग्यश्रीचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी मी लिहायला बसलो. पान कोरं होतं, मी सही केली, आराखडा नामंजूर करायला माझी संमती नव्हती, असं सरळ लिहिलं. एकही टोमणा मारला नाही. दीड पानाला चार दिवस लागले. वरच्या कार्यालयात दिल्याचा शिक्का घेतला, नक्कल सोबत जोडली आहे.

कडुनिंब त्याआधीच्या सोमवारी तोडला. पायव्याचे खड्डे झाले आहेत. शाळेतून घरी जाताना तोच रस्ता लागतो, म्हणून मी हल्ली बाजारावरून वळसा घेतो.

दोन ओळी लिही. शिव्या लिही.

रवींद्र

*

पांढुर्णा, १५ ऑक्टोबर २०२५

चि. रवींद्र यास,

तुझी नक्कल मिळाली. भाग्यश्रीचं ठरलं, चांगलं झालं. तिला माझे आशीर्वाद सांग.

मयूर दोन ऑगस्टलाच गेला. या वेळी पुण्याला नाही, बंगलोरला. नागपूरच्या बसपर्यंत मी गेली होती. गाडी लागली तरी तो चढेना, म्हणून मीच म्हटलं, जा. तुझा कागद आला तेव्हा मी त्याचा फोटो प्रमिलाकडून पाठवला. त्याचं उत्तर आलं, मामाला म्हणावं त्रास करून घेऊ नका, माझं इथे बरं चाललं आहे. तो तुझ्यावर रागावला नाही. असता तर मला बरं वाटलं असतं, रागावलेला माणूस परत येते.

तू लेखी दिलं, त्याला हिंमत लागली असेल. पण महिनाभर थांब म्हटलं, तेव्हा तू आपल्या पोरीचं पाहिलं. बापाने पाहावंच. मी तुझ्या जागी असती तर मीही तेच केलं असतं, असं रोज स्वतःला सांगते. मग एक ताट घेते, आणि पुन्हा सांगावं लागते.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. येऊ नको. आलास तर मी पाट मांडीन, तुला ओवाळीन, तुझ्या आवडीचं करीन, हे मला माहीत आहे. म्हणूनच येऊ नको.

तुझी ताई,
उषा