सावलीच्या नावे

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या बंधुराजांना तो पुरेसा वाटणार नाही, पण त्यांचे समाधान होईल असा दाखला कुठल्याच डॉक्टरकडे मिळत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. जन्मभर वॉर्डात काढूनही आपली पाळी येईल असे वाटले नव्हते.

राहते घर, मागच्या अंगणासह, मी माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे. तिला घरात सगळे सावली म्हणतात, कारण तिला ल्युपस आहे. ऊन लागले की तिच्या अंगावर चट्टे येतात, सांधे धरतात आणि ती अंथरूण धरते. या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच माणसांना परके समजून त्यांच्या अंगावर धावून जातात. वॉर्डात आलेल्या नव्या मुलींना हे समजावताना मला उदाहरण शोधावे लागत नसे. आमच्या घरातले एखादे एकत्र जेवण सांगितले की काम भागे.

घर तिलाच का, हे लिहून ठेवणे भाग आहे. "ताई, तुझ्यामागे ती एकटी कशी राहणार? घर विकू, मी तिला माझ्याकडे नेतो," असे बंधुराज चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवतात. त्याच्या मनात काळेबेरे नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याने तिच्यासाठी खोलीही तयार ठेवली आहे. मी ती पाहून आले. तिन्ही बाजूंना काचा. "बघ किती उजेड आहे," तो कौतुकाने म्हणाला. मी त्याच्या बायकोकडे पाहिले, तिने छताकडे पाहिले. इथली मागची खोली उत्तरेकडे आहे आणि तिचे पडदे जाड आहेत. घर ठेवायचे की विकायचे हे सावलीने एकटीने ठरवावे. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी काळजी करून निर्णय घेऊ नये.

बंधुराजांना मी माझा व्हॅक्यूम क्लिनर देत आहे. त्याला लहानपणापासून धुळीची अ‍ॅलर्जी आहे. केर काढायची वेळ झाली की ती उसळते, मैदानावरच्या धुळीला मात्र तिने कधी ओळख दिली नाही. एकदा मी त्याला वॉर्डात बसवून हातावर धूळ, परागकण वगैरेंच्या अर्काचे थेंब टाकले आणि टोचून पाहिले. ज्याची अ‍ॅलर्जी असते त्या जागी गांध उठते. धुळीच्या थेंबाखाली कातडी ढिम्म होती. "तुमचं यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. तिथे यंत्र नव्हते, मीच होते.

बँकेतील शिल्लक सावलीच्या औषधांसाठी आणि दरवर्षीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आहे. तिच्या गोळ्यांचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ही तपासणी चुकवायची नसते आणि म्हणूनच ती चुकवते. गोळी घेतलीस का, असे विचारले की तिचे उत्तर ठरलेले: "हे सिस्टर विचारतेय की बहीण? आधी ठरव, मग सांगते." वॉर्डात मला सगळेच सिस्टर म्हणत, त्यामुळे तिचा हा विनोद आमच्याकडे वर्षानुवर्षे चालला आहे. मी गेल्यावर गोळ्यांचे विचारणारे कुणी नसेल, हे लिहिताना मला फार जड जाते.

शेजारच्या शिंपीदादांना माझा बारीक टोकाचा चिमटा द्यायचा होता. त्यांचा कुत्रा रानभर हिंडून गोचिडी घेऊन येतो आणि त्यातली एखादी मालकालाही चिकटते. गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तिच्यावर तेल ओतायचे नाही आणि पेटती काडी तर मुळीच लावायची नाही. नंतर ताप आला किंवा लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरकडे जायचे, माझ्या खिडकीखाली येऊन हाका मारायच्या नाहीत, कारण तेव्हा मी नसेन. शिंपीदादा या कागदावर साक्षीदार असल्याने त्यांना यातून काही मिळू नये, असे वकिलांनी बजावले. म्हणून चिमटा त्यांना आजच हातात दिला.

दुसरे साक्षीदार आमच्या वॉर्डचे डॉक्टर. नोकरीभर त्यांनी माझ्या खिशातली पेने उचलून नेली. ती मी त्यांना माफ करते. माफी ही मिळकत होत नाही, असे वकील म्हणतात.

आता सावली एकटी राहू शकेल का, या मूळ मुद्द्याकडे येते.

मला गांधीलमाशीची अ‍ॅलर्जी आहे. अ‍ॅलर्जीच्या वॉर्डात जन्म काढला आणि शेवटी स्वतःच गिऱ्हाईक झाले. यावरचे इंजेक्शन तयार पेनात मिळते. ते स्वयंपाकघरात हाताशी असते. ते कसे टोचायचे हे मी सावलीला संत्र्यावर शिकवायला गेले. सुई पाहूनच तिला भोवळ आली. संत्रे मी खाल्ले आणि त्यानंतर रोज नुसते तोंडीच सांगत राहिले.

गेल्या वर्षी भर दुपारी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. चादरीत बसलेली गांधीलमाशी मानेला डसली. घसा आवळू लागला. सावली पडद्याआडून पाहत होती. डोक्यावर टोपी नाही, लांब बाह्या नाहीत, तशीच ती पेन घेऊन उन्हात धावत आली. मी मांडीकडे बोट दाखवून काही सांगू लागले.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "सगळं पाठ आहे माझं. रोज तेच ऐकतेय."

तिने कपड्यावरूनच मांडीच्या बाहेरच्या अंगाला पेन दाबून धरले, मला आडवे केले, पाय कपड्यांच्या टोपलीवर ठेवले आणि फोनवर पत्ता नीट सांगितला. एकही गोष्ट चुकली नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत ती माझ्या डोक्याशी उभी राहिली, ऊन स्वतःच्या पाठीवर घेऊन, तिची सावली माझ्या तोंडावर पडेल अशी. पुढे महिनाभर तिला नीट चालता आले नाही.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा तिचे गाल लालभडक झाले होते. मी पहिले वाक्य काय बोलले, तर "टोपी का नाही घातलीस?"

"हे सिस्टर विचारतेय की बहीण?"

मी तिच्या गालांना मलम लावत बसले.

जिने हे केले, ती एकटी राहू शकते. बंधुराजांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा आणि मग आपल्या काचांना पडदे लावावेत, कारण ती पाहुणी म्हणून येईलच.

सहीखाली एकच शब्द मावेल एवढी जागा आहे, व्यवसाय किंवा नाते काय ते लिहा, असे वकील म्हणतात. सावली आत्ता आत चहा टाकते आहे. तिला हा कागद मी गेल्यावरच दाखवावा.

ठिकाण: राहते घर, मागची खोली, पडदे ओढलेले.
दिनांक: ९ मार्च, मंगळवार.

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही; चिमटा मिळाला)
२. वॉर्डचे डॉक्टर (सही, माझ्याच पेनाने)

मृत्युपत्र करणारी:
(सही)
बहीण