पुकारा

बाबा,

जयभीम. शेजाऱ्यानं दाबलेल्या आपल्या शेताच्या अपिलाची काल नांदेडला तारीख होती. तुम्ही वारल्याचं वकिलाला सांगायचं राहूनच गेलं होतं. शिपायानं रीतीप्रमाणं पुकारा केला, "ज्ञानोबा सोनकांबळे!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "हाय जी."

तुमचाच आवाज, खोकल्यासकट. मी वळून पाहिलं, बाक रिकामा. आईनं मात्र डोक्यावर पदर घेतला.

तुम्ही तर भुतंखेतं मानत नव्हता, मलाबी मानू दिली न्हाईत.

बाहेर आल्यावर वकिलाला खरं सांगितलं. ते म्हणाले, "वारसांची नावं लावा, नाहीतर अपील बुडेल, शेत जाईल."

पण नावं लावली की तुमचा पुकारा बंद.

अर्जावर मी सही केली. आईचा अंगठा राहिलाय. ती म्हणती, "शेत जाऊ दे."

तुमची,
पंचशीला