फॅट लागंना!

अण्णा,

भाकरी टोपल्यात हाय, पिठलं झाकून ठेवलंय. म्हशीला पाणी पाजायला मीच चारा छावणीत जातेय, तुमी जरा पडा.

काल शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी डेअरीवर दुधाचं फॅट मोजतानाची तुमचीच नक्कल केली. “मावशे, फॅट लागंना, मी काय दुधात लोणी टाकू?” पोरं लई हसली. मग मागं तुमी दिसलात. सगळ्यांत जोरात टाळ्या तुमच्याच. तोंड कुठं लपवू असं झालं मला.

या दुष्काळात उसाची वाळकी वाढी खाल्लेल्या म्हशीच्या दुधाला फॅट कुठून लागंल? तरी लोक तुमालाच बोलतात, अन् काल मीबी त्यांच्यातच गेले.

उद्या सकाळी डेअरीवर मी तुमच्यासंगं येते. कुणी वरडलं तर उत्तर मी देईन. कालचा पहिला नंबर बोलण्यातच आलाय ना माझा.

कालिंदा